नऊ प्रश्नांचा एक कागद: अकरा महिने वापरल्यावर

मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, कूलरचा लिहितात, सावजी मटणाचा तर नागपुरात प्रत्येक जण तोंडी देत फिरतो. मी एका कागदाचा लिहिते आहे. पीएचक्यू-९ नावाची, नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली. पान एक, प्रश्न नऊ, किंमत शून्य रुपये. ऑगस्ट २०२० पासून जून २०२१ पर्यंत हा कागद माझ्या मांडीवर होता आणि फोन कानाला. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लघुप्रबंधासाठी मी १८ ते २५ वयाच्या पोरापोरींशी बोलत होते. कोरोनाच्या काळात त्यांच्या मनाचं काय चाललंय, हा विषय. आता एका कॉलेजात समुपदेशनाचं काम करते आणि दरवर्षी प्रबंधाचा विषय ठरायच्या सुमारास कोणीतरी ज्युनिअर विचारतेच, "ताई, कोणता टूल घेऊ? पीएचक्यू-९ बरा राहील का?" प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा दुखला. एकदाच लिहून ठेवते.

आधी वस्तू काय आहे ते. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांचा यावरचा शोधनिबंध २००१ मध्ये आला. पैसा फायझर या औषध कंपनीचा, पण छापायला-वापरायला परवानगी लागत नाही. मराठी तर्जुमाही मिळतो. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच ती विचारते. कशात रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट नुसती चुळबुळ. आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं असे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. गुण ० ते ३, बेरीज २७ पर्यंत. त्रास किती तीव्र ते सांगणाऱ्या पायऱ्या ५, १०, १५, २० वर. मूळ अभ्यासात १० वर रेघ मारली तेव्हा नैराश्याचा आजार असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक रेघेच्या वर आले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के खाली राहिले. एका पानाच्या मानानं हे फार चांगलं आहे. पण ते अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेले पेशंट होते. नागपूरच्या मानेवाड्यात कूलरपुढे बनियनवर बसलेलं पोरगं दवाखान्यात आलेलं नसतं, त्याला मी फोन केलेला असतो. हा फरक प्रबंध लिहायला बसेपर्यंत माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

सुरुवात सगळ्यांनी केली तशीच केली. ऑनलाइन फॉर्म बनवला, व्हॉट्सॲपवर सोडला. दोन दिवसांत उत्तरांचा पाऊस. मी खूश. माझ्या मार्गदर्शक सरांनी यादी पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा तुझ्या मैत्रिणींचा सर्व्हे झाला." खरंच होतं. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन, घरी वायफाय आणि दार लावता येईल अशी खोली, तेच भरून मोकळे झाले होते. काहींनी तर वरपासून खालपर्यंत सरळ शून्यांची माळ लावलेली. भावाचा फोन रात्री अर्धा तास मिळणारी मुलगी त्यात नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीला घरी परत गेलेला, नेटवर्कसाठी शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहणारा मुलगा नव्हता. लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षात आपल्या देशात ऑनलाइन सर्व्हेंचा महापूर आला होता, त्यातल्या कुठल्याही सर्व्हेकडे पाहताना माझी नजर आता आधी तिकडेच जाते, भरलं कोणी?

मग फोन. सक्करदऱ्याजवळच्या एका अभ्यासिकेच्या मालकानं आपल्या ग्रुपवर माझा नंबर टाकला आणि ज्याला बोलायचं त्यानं मिस कॉल द्यावा असं लिहिलं. अभ्यासिका तेव्हा बंद, खुर्च्या उलट्या टेबलांवर. पण ग्रुप चालू होता. पोलीस भरती, एमपीएससी, रेल्वे, सगळी तिथली पोरं. पोरींपर्यंत पोचायला एक अंगणवाडी सेविका ताई कामी आल्या. अठराच्या खालचे घेतले नाहीत, कारण त्यांच्यासाठी आईबापांची संमती लागते आणि आईसमोर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं काय येणार ते मला माहीत होतं. (११ ते १७ वयासाठी याच प्रश्नावलीची पीएचक्यू-ए नावाची वेगळी आवृत्ती आहे. शाळेत काम करणार असाल तर ती पाहा.)

आता वापरण्याचा अनुभव.

पहिली अडचण अशी आली की जिची मी कल्पनाच केली नव्हती. हा कागद दिवस मोजतो, आणि पोरांचे दिवसच हरवले होते. "अर्ध्याहून जास्त दिवस" म्हटलं की पलीकडे शांतता. "मॅडम, दिवस काय मोजता, सगळे सारखेच होऊन राहिले. आज वार कोणता हेच ध्यानात नाही राह्यत." कॉलेज नाही, रविवार नाही, पगाराची तारीख नाही. चौदापैकी सात दिवसांहून जास्त की कमी, हे ठरवायला माणसाला एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा लागतो. शेवटी मी सांगायला लागले, "घरात कालनिर्णय आहे ना? त्याच्यापुढे जाऊन उभा राह्य." बहुतेक घरी होतं. त्यावर दुधाच्या हिशोबाच्या खुणा असतात, अर्धा लिटर, एक लिटर, नागा. एक जण खुणा वाचत म्हणाला, "बुधवारी दूध नाही घेतलं... हाव, त्या दिवशी मी दुपारी चारला उठलो होतो. गुरुवारी बी." असं करत करत तो "काही दिवस" वरून "जवळजवळ रोज" वर आला. दुधाच्या हिशोबानं माझ्या संशोधनाला केवढी मदत केली हे प्रबंधात लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते.

झोपेचा प्रश्न नागपुरात एप्रिल-मे महिन्यात विचारू नये. किंवा विचारावा, पण गुण देताना डोकं वापरावं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, घरात एकच कूलर, त्याच्यापुढे सहा जण ओळीनं, मध्यरात्री लाइट गेली की सगळे उठून बसलेले. "झोप लागत नाही?" "कोणाले लागते मॅडम?" तीन गुण. भुकेचं तसंच. कोरोना होऊन गेलेल्या पोरांना वास नव्हता, चव नव्हती, जिना चढला की धाप. थकवा तीन, भूक तीन, झोप तीन, लक्ष दोन. झाली बेरीज अकरा, म्हणजे "मध्यम". उदास वाटतं का विचारलं तर म्हणे नाही, बरा झालो म्हणून उलट बरंच वाटून राहिलं. नऊपैकी तीन प्रश्न, झोप, थकवा आणि भूक, थेट शरीराचे आहेत. ते तापानंतरच्या शरीराला विचारले की आकडा फुगतो. म्हणून नुसती बेरीज छापू नका. प्रत्येक प्रश्नाचा गुण वेगळा ठेवा आणि शेजारी एक रकाना काढा, गेल्या तीन महिन्यांत कोरोना झाला होता का. हा रकाना मला सरांनी काढायला लावला आणि तेव्हा मला तो उगाच वाटला होता.

लक्ष लागण्याच्या प्रश्नात उदाहरण काय दिलंय, पेपर वाचताना किंवा टीव्ही पाहताना. पेपर कित्येकांकडे बंदच केलेला, जंतूंच्या भीतीनं. टीव्हीवर दिवसभर रुग्णांचे आकडे. मी उदाहरण बदललं, "ऑनलाइन लेक्चर किंवा क्रिकेटची मॅच". असा बदल केला की तो लिहून ठेवावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. शब्दांचंही तसंच. खिन्न, निरुत्साही, हताश हे शब्द बरोबर आहेत, पण हनुमाननगरातल्या पोराला ते परीक्षेतले वाटतात. तो सांगतो, "कसंतरीच होते", "डोकं खराब होऊन राहिलं", "कशातच मन नाही लागत". टेन्शन हा एकच शब्द तर भूक न लागण्यापासून बापाच्या गेलेल्या नोकरीपर्यंत सगळं उचलतो. मी आधी कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे तुझ्या भाषेत काय?" त्यानं सांगितलेला शब्द समासात. चाळीस-पन्नास कॉल झाल्यावर तो समासच जास्त वाचनीय झाला होता.

या कागदात नसलेल्या गोष्टीही सांगते, कारण नवीन मुलींना वाटतं की नऊ प्रश्न विचारले म्हणजे सगळं विचारून झालं. परीक्षा नाही. २०२० च्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही यावरच पोरं लटकलेली होती. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा कुठे ठरलं. त्यानंतर ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि १५ मार्चपासून नागपुरात आठवड्याचा कडक लॉकडाऊन. त्या आठवड्यात फोन केलेल्या प्रत्येक पोराची बेरीज आधीच्यापेक्षा चढी होती, पण का, ते कागदावर कुठेच उमटत नाही. आणि या कागदात पोरींचं लग्नही नाही. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि कित्येक घरांना ती सोयीची वाटली. नंदनवनची एक मुलगी, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला, म्हणाली, "आई म्हणते आत्ताच उरकून टाकू, पन्नास माणसांत होऊन जाते, खर्च वाचते." तिची बेरीज चार. चार म्हणजे काहीच नाही. तिनं ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज कुठल्या रकान्यात टाकायचा ते मला आजही कळलेलं नाही.

तिच्याकडून चार आले त्याला आणखी एक कारण होतं. ती स्वयंपाकघरातून बोलत होती, मागे कुकर. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं चोवीस तास असताना "स्वतःबद्दल वाईट वाटतं का" याचं उत्तर कोणी मोठ्यानं देणार आहे? पोरं त्यावर उपाय शोधायची, "मॅडम थांबा, गच्चीवर जातो." मग चपलांचा आवाज, जिन्याचं लोखंडी दार, आणि एकदम मोकळा श्वास. मीच नंतर सांगायला लागले, रात्री नऊनंतर गच्चीवर जा आणि मिस कॉल दे. उत्तरं बदलली. आधी शून्य-एक सांगणारे दोन-तीन सांगू लागले. मला वाटलं, जमलं.

आता नववा प्रश्न. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

एप्रिल २०२१. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, रात्रभर ॲम्ब्युलन्स. एका पोराला मी आठवा प्रश्न विचारून नवव्यावर आले. वाक्य वाचलं. तो काही बोलला नाही. मी थांबले. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. बराच वेळ. मग तो म्हणाला, "रोज." आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की तो चौथ्या मजल्याच्या गच्चीवर एकटा उभा आहे आणि त्याला तिथे मी पाठवलंय.

माझ्या तोंडून निघालं ते फक्त एवढं, "आधी खाली ये. जिन्यात बस. मी फोनवरच आहे." तो आला. पायऱ्यांवर बसल्याचा आवाज आला. मग मी सरळ विचारलं, आत्ता तसं वाटतंय का, काही ठरवलंय का. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात विचार घुसतो ही समजूत खोटी आहे, संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला भीती वेगळीच होती. "मॅडम, पोलीस येतील का?" मी सांगितलं, असे विचार येणं हा गुन्हा नाहीच, आणि प्रयत्न केलेल्या माणसावर मोठा ताण होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा धरून चालतो. घरात कोण आहे विचारलं. मोठी वहिनी, तिच्याशी पटतं. तिला फोन द्यायला लावला. दुसऱ्या फोनवरून आमच्या अभ्यासाला जोडलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना कळवलं. त्या रात्री साडेअकराला त्या त्याच्याशी बोलल्या आणि पुढेही पाहत राहिल्या. तो आज नोकरीला आहे. याहून जास्त सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या कागदावर आठ आणि नऊच्या मध्ये पेनानं एक ओळ होती, "कुठे बसला आहेस?" जिना, अंगण, मित्राची दुचाकी, काहीही चालेल. गच्ची नाही, आणि घरात सोबत कोणीतरी जागं हवं.

या नवव्या प्रश्नावर कागदाची विक्रीपश्चात सेवा शून्य आहे. तो विचारून मोकळा होतो. पुढचं सगळं तुमच्याकडे. म्हणून ज्या मुलीच्या मागे त्या वेळी फोन उचलणारा मानसोपचारतज्ज्ञ उभा नाही, तिनं पीएचक्यू-८ घ्यावी. तीच प्रश्नावली, नववा प्रश्न काढलेली. फोनवरच्या मोठ्या सर्व्हेत ती वापरतातही. त्यात कसला कमीपणा नाही. उत्तर हातात घेऊन बसणं आणि पुढे काय करायचं ते माहीत नसणं, याच्यापेक्षा न विचारलेलं बरं.

आणि हेल्पलाइनचा नंबर यादीत टाकण्याआधी स्वतः लावून पाहा. मी सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेली सरकारी 'किरण' ठेवली होती आणि सोबत आणखी एक नंबर, नाव घेत नाही, कोणीतरी फॉरवर्ड केलेला. तो एका संध्याकाळी चाळीस मिनिटं लावून पाहिला, नुसती धून वाजत होती. तो नंबर मी तोपर्यंत अकरा जणांना दिला होता. अकराही जणांना परत फोन करून खोडायला लावला. आता १४४१६ आहे, टेली मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तरीही आधी स्वतः लावा.

दुःखाचंही सांगायचं राहिलं. दुसऱ्या लाटेत ज्याचे वडील दहा दिवसांपूर्वी गेले त्याला "गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का" हे विचारणं म्हणजे काय, ते वाचणाऱ्यानंच ठरवावं. मी एकाला विचारलं. बेरीज एकोणीस. त्यानं प्रत्येक उत्तर नीट, सावकाश दिलं, जणू फॉर्म भरणं हेही तेराव्याच्या कामांपैकीच एक. प्रश्नावलीबरोबर जी गुण देण्याची सूचना येते तिच्यात स्पष्ट लिहिलंय की नेहमीचं वियोगाचं दुःख, शारीरिक आजार, औषधांचा परिणाम हे बाजूला काढल्याशिवाय निदान करू नये. पण ती सूचना वेगळ्या पानावर असते आणि झेरॉक्स आपण फक्त प्रश्नांच्या पानाची काढतो. मीही तेच केलं होतं. तो एकोणीसचा आकडा मी तक्त्यात घेतला नाही. सरांनीही आग्रह धरला नाही.

आता चांगलं. नऊ प्रश्नांच्या खाली एक बिननंबरचा प्रश्न आहे, या सगळ्या त्रासामुळे तुमचं काम, घरचं पाहणं आणि लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालं? त्याला गुण नाहीत. त्यामुळे पुष्कळ जण तो गाळतात. माझ्या मते अख्ख्या कागदात सगळ्यात मोलाचा तोच. "काम तर नाहीच मॅडम" इथून सुरू व्हायचं आणि मग पुढची वीस मिनिटं मला काही विचारावंच लागायचं नाही. बुटीबोरीच्या कारखान्यातून घरी बसवलेला बाप, उधारीवर किराणा देईना झालेला दुकानदार, बहिणीचा फोन फोडल्याची भांडणं. प्रबंधातलं माझं सगळ्यात बरं प्रकरण या बिनगुणांच्या प्रश्नावर आहे.

तर घ्यावी का? घ्या. छोटी आहे, फुकट आहे, जगभर वापरली जाते, पाच मिनिटांत होते (फोनवर पंचवीस धरा). चिंतेसाठी सोबत जीएडी-७ घ्या, २००६ ची, सात प्रश्नांची, गुणांची पद्धत तीच. पाचापैकी साडेतीन तारे. नवव्या प्रश्नाच्या मागे माणूस उभा असेल तर चार.

छापताना दोन्ही पानं छापा. समास मोठा ठेवा. आणि पेन नको, शिसपेन्सिल घ्या, खोडरबरासह. नववा प्रश्न झाला, शेवटचं बोलणं झालं, मी "ठीक आहे मग, ठेवू?" म्हणायचे, आणि पोरं म्हणायची, "मॅडम, तो पहिला प्रश्न परत विचारा ना. त्याचं मी मघाशी चुकीचं सांगितलं."